दोन हात, चार बोटं

मुंबईला तीन आठवडे राहून आले आणि समुद्र एकदाच पाहिला, तोही बसच्या खिडकीतून. परत आल्यापासून कॉलेजातल्या बायका विचारतात, "काय काय पाहिलंत?" मी म्हणते, मोऱ्या पाहिल्या. त्या हसतात. पण खरोखरच गिरगावापासून परळपर्यंत मी लोकांच्या मोऱ्या, स्टोव्ह, माळे आणि जिने बघत हिंडले, आणि जे पाहिलं त्यातलं निम्मं विसरता आलं तर बरं होईल असं आता वाटतं. विसरता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे.

मी इचलकरंजीला मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. लहान मुलांना घरातल्या घरात काय काय इजा होतात, आणि त्या होऊ नयेत म्हणून आयांना काय सांगावं, ह्याच्या अभ्यासाचं काम आमच्या विभागाकडे आलं तेव्हा मीच पुढे झाले. माझा स्वभावच तसा. दुसऱ्याच्या घरातला पसारा दिसला की माझे हात शिवशिवतात. माझा नवरा म्हणतो, तू देवळात गेलीस तरी देवाला सांगशील, समई जरा मागे सरकवा. घरं निवडली ती लालबाग-काळाचौकीची. एका खोलीत अख्खा संसार, आणि गिरण्यांचा संप होऊन चार-पाच वर्षं झाली तरी त्या संसारांची घडी पुन्हा बसलेली नव्हती. आमच्या गावाचं उलट. तिकडच्या गिरण्या थंडावल्या तसे आमच्याकडे यंत्रमाग वाढत गेले. आमच्या गल्लीत आता खडखडाटाशिवाय झोप येत नाही. हे मला ठाऊक होतं, पण निघताना त्याचा मी फारसा विचार केला नाही.

बरोबर प्रश्नांची छापील वही होती आणि एक तक्ता. तक्ता आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनी मन लावून रंगवला होता. उंच ओट्यावर स्टोव्ह, वरच्या कपाटात काडेपेटी आणि औषधं, खाली चटईवर खेळणारं गुटगुटीत बाळ.

गिरगाव

उतरले मावशीकडे. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, पासष्टीची, आवाज खणखणीत. माझ्या कामाची हकिगत ऐकून तिनं कपाळाला हात लावला. "अगं, लोकांच्या घरात शिरून तुमचा स्टोव्ह कुठे ठेवता म्हणून विचारणार? मला कोणी विचारलं तर मी त्याला जिना दाखवीन."

मी तक्ता उलगडून तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "हे घर कुणाचं गं? चांगलं आहे. मला मिळवून दे." मला तेव्हा तिचा राग आला. तिनं मग अळूचं फदफदं वाढलं आणि भांडण मिटलं.

तिची एक मैत्रीण खोताच्या वाडीत राहत असे. मेरीबाई. दुसऱ्या दिवशी मावशी मला तिच्याकडे घेऊन गेली. लाकडी घर, पुढे व्हरांडा, आत उभा जिना. जिन्याच्या वरच्या टोकाला गुडघ्यापेक्षा थोडं उंच एक फाटक होतं, हात लागून लागून काळं गुळगुळीत झालेलं. मी त्याची कडी उघडून-लावून पाहत होते, तेव्हा मेरीबाई म्हणाली, "त्या फाटकानं माझी पाच पोरं वाढवली. माझा बापूस बोलायचा, आदी फाटक लाव, मग पाळणा टांग."

मला ते वाक्य फार आवडलं. वहीच्या मागच्या पानावर मी ते उतरवून घेतलं आणि तिनं दिलेला केक खाल्ला. उतरवून घेतलेलं सगळंच आपल्याला कळलेलं असतं असं नाही.

लालबाग

लालबागची ती चाळ मी नावानिशी सांगत नाही. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी, टोकाला सामायिक नळ. गॅलरीत उभं राहिलं की समोर गिरणीचं धुराडं दिसे. धूर नव्हता. आमच्या गावच्या सवयीनं मी कान देऊन ऐकत राहिले, पण मागांचा आवाज कुठूनच येत नव्हता. दुपारी दोन वाजता माणसं गॅलरीत नुसती उभी असलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पहिल्याच दिवशी बायका जमल्या आणि मी तक्ता भिंतीला लावला. "स्टोव्ह नेहमी ओट्यावर ठेवा," मी म्हटलं. मागून कुणीतरी विचारलं, "बाई, ह्यो ओटो खंय घालूचो? नवऱ्याच्या डोक्यार?" सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं. खोली दहा बाय बारा. त्यात खाट, कपाट, मोरी, आणि मोरीच्या कडेला जमिनीवर स्टोव्ह. ओटा घातला तर माणसांनी बाहेर झोपायचं.

तो प्रश्न विचारणारी वनिता. वनिता परब, मूळची मालवणकडची, वय असेल सव्वीस-सत्तावीस. बोलायला तिखट, हाताला चपळ. तिचा नवरा सुरेश साचे खात्यात होता, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. त्याची गिरणी संपानंतर उघडलीच नाही. आता वनिता सकाळी नऊ डबे करी, वरळीकडच्या कचेऱ्यांतल्या लोकांसाठी. त्यासाठी दोन स्टोव्ह, मोठाली पातेली, सगळं जमिनीवर.

तिनं मला जेवायलाच बसवलं. बांगड्याचं सार आणि भात. आम्ही देशावरची मटणाची माणसं; हाड चघळायला शिकलो, काटा काढायला नाही. तिसऱ्या घासालाच काटा घशात अडकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वनिता हसली नाही, गडबडलीही नाही. तिनं कोरड्या भाताचा लिंबाएवढा गोळा केला आणि माझ्या हातात दिला. "चावू नका. तसाच गिळा." गिळला. काटा गेला.

घसा मोकळा झाल्यावर मी खोलीत नीट पाहिलं, तर खाटेच्या पायापाशी तिची मुलगी बसली होती. सोनू, चौदा महिन्यांची, डब्यांची झाकणं एकमेकांवर आपटत होती. तिच्या कमरेला दोर होता. जुन्या लुगड्याच्या काठांची वेणी घालून केलेला, मऊ, आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला. ती रांगत उंबऱ्यापर्यंत जाई, कपाटापर्यंत जाई, मोरीच्या दिशेनं मात्र मध्येच थांबे आणि तिथंच बसकण मारी.

"हे काय?" मी विचारलं.

"स्वयंपाक होईपर्यंत बांधते," वनिता म्हणाली. "ह्यांनी मापून दिलाय. दोन हात, चार बोटं. पोर वाढली की एकेक बोट कमी करतत." मग दोराची गाठ दाखवून जरा अभिमानानं म्हणाली, "साचेवाल्याची गाठ. ओढली तरी पोटाला आवळत नाय, आणि सुटत पण नाय."

मी ते ऐकलं आणि त्यातलं काहीही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला दिसला तो बांधलेला जीव. तिच्याच भातानं काटा उतरवून मी तिलाच शिकवायला बसले. "अहो, वासरू आहे का ते? मुलाला असं बांधलं तर त्याच्या मनावर परिणाम होतो, वाढ खुंटते. मोकळं सोडलं पाहिजे." वर्गात बोलावं तसं मी बोलले. वनिताचा चेहरा उतरला. शेजारणी दारात उभ्या होत्या. तिनं मुकाट्यानं गाठ सोडली, सोनूला कडेवर घेतलं. मी वहीत लिहिलं: 'मुलाला जनावराप्रमाणे दोराने बांधण्याची प्रथा. समजूत घातली. मातेने दोर सोडला.'

त्या शेवटच्या वाक्याखाली मी रेघही मारली होती.

काळाचौकी

पुढचे आठ-दहा दिवस घरोघर फिरण्यात गेले. रोज सकाळी गिरगावातून बस पकडायची आणि संध्याकाळी मावशीला दिवसभराची हकिगत सांगायची. एका घरात मी स्टोव्हच्या जागेचं माप घ्यायला वाकले आणि माझ्याच पदराला काजळीचा पट्टा लागला. त्या घरच्या आजीनं तोच पदर साबण लावून धुवून दिला. घरं गरीब होती, पण चहा घेतल्याशिवाय कुणी सोडलं नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात. इथं आधी पंखा त्याच्याकडे वळवतात.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीला काळाचौकीच्या एका गणपती मंडळानं आपल्या जागेत दुपारी माझं भाषण ठेवलं. मंडळाचे कार्यकर्ते मोहिते म्हणून होते, तेही गिरणीतलेच, आता बेकार. त्यांनी उत्साहानं माइक लावला. शंभरेक बायका आल्या असतील, मांडीवर मुलं. लालबागच्या बायकाही आल्या होत्या. वनिता पुढेच बसली होती, सोनूला मांडीवर घेऊन.

मी भाषण चांगलं करते, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तर फारच चांगलं झालं. उदाहरण हवं होतं, आणि ते समोरच बसलं होतं. मी म्हटलं, "ह्या वनिताबाई. ह्या बाळाला दोरानं बांधत होत्या. मी एकदाच समजावलं, आणि त्यांनी दोर सोडला. शिकण्याची तयारी असावी तर अशी. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवा."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोहित्यांनी माइकवर "वा, वहिनी!" म्हटलं. वनितानं खाली मान घातली. मला वाटलं, लाजली. सोनू टाळ्या बघून स्वतःही टाळ्या वाजवायला लागली, त्यावर सगळे हसले. मीही हसले. त्या दोन तळव्यांचा आवाज मला आज लिहितानाही ऐकू येतो.

दादर

सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मी लालबागला पोचले. वनिताच्या खोलीचं दार सताड उघडं. आत नऊ डबे ओळीनं मांडलेले, चार भरलेले, पाच रिकामे. फरशीवर पेज सांडलेली, तिच्यात भाताची शितं. शेजारची म्हातारी फडकं घेऊन ती पुसत होती.

मालवणी घरांत भात वेळतात. शिजला की त्यातलं पाणी वेगळ्या भांड्यात ओतून घेतात. ती पेज नंतर मीठ घालून पितात. वनितानं पेज काढून पातेलं मोरीशी ठेवलं होतं आणि पाठ वळवून डबे भरायला घेतले होते. सोनू रांगत आली आणि तिनं पातेल्यात हात घातला. "मनगटाच्या वरपर्यंत," म्हातारी म्हणाली. "परळला न्हेलाय हास्पिटलात. सुरेशला अजून काय म्हायती नाय. तो दादरला, भाजी मार्केटात. कोण जातलो सांगूक?"

मी जाते म्हटलं.

दादरचं भाजी मार्केट त्या वेळी ऐन गर्दीत होतं. पायाखाली कोबीचा पाला, पलीकडून झेंडूचा वास. सुरेशला मी एकदाच ओझरतं पाहिलं होतं. चार जणांना विचारल्यावर तो सापडला, डोक्यावर फ्लॉवरची टोपली घेऊन येत होता. उंच, सडपातळ माणूस. ओझ्याची सवय नसलेली मान पुढे झुकलेली. मला पाहून त्याला आश्चर्य वाटलं. "बाई, तुम्ही इथे?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. तो टोपली डोक्यावर तशीच घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "असं कसं होईल? दोर होता ना?"

तो पहाटे चारला घराबाहेर पडे, दुपारी परते. सकाळी दोर बांधला जातो की नाही हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. आपण मापून दिलेला दोर आपल्या जागी आहे, ह्या भरवशावर तो इथं टोपल्या वाहत होता.

"मी सोडायला लावला," मी म्हणाले. "चार लोकांत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. शिवी दिली असती तर मी ती घेतली असती. त्यानं टोपली खाली उतरवली, डोक्यावरची चुंबळ सोडली, झटकली आणि खांद्यावर टाकली. "चला," म्हणाला. बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. हिंदमाता टॉकीज मागे गेल्यावर त्यानं एकच विचारलं.

"कुठला हात?"

"उजवा."

त्यानं मान हलवली आणि बाहेर बघत राहिला.

परळ

हॉस्पिटलच्या लांब व्हरांड्यात वनिता भिंतीला टेकून खाली बसली होती. पदराला पेज वाळून कडक झाली होती. सुरेश थेट आत गेला. मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. बाकावर बसायची हिंमत झाली नाही.

मी म्हटलं, "वनिता, माझं चुकलं."

"तुमी गेल्यावर मी परत बांधायची," ती समोर बघत म्हणाली. "त्या पयल्या दिवशी तुमचा मान राखूक सोडलंय. तुमी जिना उतरलात नि परत बांधलंय. पण मग त्या दिवशी टाळ्या वाजवलात ना. सगळ्या चाळीनं बघितला. आता बांधला तर शेजारणी काय म्हणतल्या? टाळ्या घेऊन बसली नि पोरीक परत बांधता? लाज वाटली माका, बाई. त्या लाजेपायी माझ्या पोरीचो हात गेलो."

इतकी वर्षं मी विद्यार्थिनींना शिकवत आले की शाबासकी दिली की माणूस सुधारतो. शाबासकीनं माणूस अडकूही शकतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी शोधूनही काढलं नव्हतं.

तीच पुन्हा म्हणाली, "तुमच्या वहीत इतके सवाल. स्टोव्ह खंय, काडेपेटी खंय, रॉकेल खंय. पोराकडे बघणारा माणूस घरात कोण आसा, असो सवाल आसा काय?"

वही माझ्या पिशवीतच होती. उघडून बघायची गरज नव्हती. तो प्रश्न तिच्यात नव्हता.

मग ती सांगत गेली. गिरणी चालू होती तेव्हा सुरेश दुसऱ्या पाळीला असे, सकाळभर घरी. पोर त्याच्या अंगावर. सासूही होती. खोलीत माणसंच इतकी की पोर जमिनीला टेकत नसे. मोठी दोन तशीच वाढली. संप लांबला तशी सासू त्या दोघांना घेऊन गावी गेली, कारण तिथं निदान भात होता. गिरणी बंद झाली, सुरेश पहाटेच बाहेर पडायला लागला. राहिली वनिता, नऊ डबे आणि सोनू. "बघणारी माणसा गेली, तेव्हा ह्यांनी दोर केल्यानी," ती म्हणाली. "तो दोर म्हणजे आमची सासू समजा."

हे ऐकून मला रडू आलं. ती रडत नव्हती आणि मी रडत होते, ह्याची मला आणखी लाज वाटली.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. जिवाला धोका नाही, म्हणाल्या. कातडी भरून येईल. पण लहान मुलांची बोटं बरी होताना आत वळतात, आखडतात. घरी नेल्यावर रोज एकेक बोट हलक्या हातानं उघडायचं. ती रडेल, तरी थांबायचं नाही. पूर्ण उघडतील का, असं सुरेशनं विचारलं. आताच सांगता येत नाही, असं त्यांनी खरं तेच सांगितलं.

पुन्हा लालबाग

त्या रात्री गिरगावात मावशीला सगळं सांगितलं. ती टोमणा मारील असं वाटलं होतं. तिनं नुसता पाठीवरून हात फिरवला. वही चाळताना मागच्या पानावर मेरीबाईच्या वडिलांचं वाक्य सापडलं. आधी फाटक लाव, मग पाळणा टांग. माझ्याच अक्षरात. ते वाचून मला स्वतःची चीड आली. मी फाटक न लावता, त्यांच्याकडे होतं तेच काढून घेतलं होतं.

सकाळी काळाचौकीला जाऊन मोहित्यांना गाठलं. मंडळाच्या मांडवाच्या जुन्या फळ्या माळ्यावर पडल्या होत्या. मी सांगायला लागले तर त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "बाई, माइक मीच लावलेला," म्हणाले, आणि फळ्या खांद्यावर घेऊन निघाले.

सोनूला घरी आणल्यावर, माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या दोन दिवसांत, सुरेश आणि मोहिते ह्यांनी मिळून मोरीच्या कोपऱ्याला फळ्यांचा आडोसा घातला. गुडघ्यापेक्षा वर, खिळा वाकवून केलेली कडी, स्टोव्ह आणि पातेली सगळी आत. मोठ्या माणसानं पाय उचलून आत जायचं. गॅलरीतले लोक बघायला आले. एका बाईनं आपल्या नवऱ्याला तिथल्या तिथं माप घ्यायला लावलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि मला त्याचं बरं वाटलं.

आडोसा पुरा होईपर्यंत सोनूच्या कमरेला दोर होता. सुरेशनं तो पुन्हा मापला, आपल्या हातानं आणि बोटांनी. मी त्याला गाठ दाखवायला सांगितली. त्यानं दोनदा मारून दाखवली. "साच्यावर तार तुटली की अशी जोडायची. दिवसाला शंभर वेळा मारायचो. आता एवढीच एक राहिली." मग मला मारायला लावली. माझी सुटली. तिसऱ्या वेळी जमली.

पट्टी बदलायची वेळ झाली तेव्हा मी निघणार होते, पण वनिता म्हणाली, "बघून जावा. तुमीच सांगूचा लागतला दुसऱ्यांका." म्हणून थांबले. सुरेशनं सोनूला मांडीवर घेतलं आणि गुंता सोडवावा तसं एकेक बोट उघडायला घेतलं. ती किंचाळत होती. तो थांबला नाही. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम ठिबकत होता आणि त्याचे हात मात्र अजिबात हलत नव्हते. मी पहिल्यांदाच त्याला कारागीर म्हणून पाहिलं.

निघताना वनितानं मला उंबऱ्यापर्यंत पोचवलं. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

इचलकरंजी

घरी पोचले तेव्हा गल्लीत माग चालू होते. त्या आवाजानं मला नेहमी बरं वाटायचं. आता दारात उभी राहून ऐकते तेव्हा धुराडं नुसतं उभं असलेली ती दुपार आठवते.

अहवाल लिहून झाला. वहीतली आधीची ओळ मी खोडली नाही, अहवालात तशीच घेतली. तिच्याखाली लिहिलं: 'हा दोर मी सोडायला लावला. मुलीचा उजवा हात पोळला.' प्राचार्य म्हणाले, हे वाक्य अहवालात कशाला? मी म्हटलं, तेवढंच एक वाक्य मला खात्रीनं ठाऊक आहे. प्रश्नांच्या वहीत पहिला प्रश्न आता हा आहे: घरात मुलाकडे बघणारं माणूस कोण? आणि आयांसाठी छापायच्या पत्रकात मेरीबाईच्या वडिलांचं वाक्य थोडं बदलून घेतलं आहे: आधी फळी बसवा, मगच दोर सोडा.

मागच्या आठवड्यात सुरेशचं पोस्टकार्ड आलं. अक्षर सरळ, ओळी अगदी सारख्या. 'सोनू चालू लागली. फळीला धरून उभी राहते. अंगठा आणि दोन बोटे पूर्ण उघडतात. करंगळी व तिच्या शेजारचे उघडत नाहीत. रोज करतो आहे. वनिता विचारते, तक्ता नवीन काढला का.'

तक्ता नवीन काढला आहे. मास्तरांशेजारी बसून मी तो काढून घेतला. ओटा नाही. दहा बाय बाराची खोली, खाट, जमिनीवर स्टोव्ह, त्याच्या पुढे फळ्या, वाकवलेल्या खिळ्याची कडी. फळीला धरून उभी असलेली मुलगी. मास्तरांनी सगळं मी सांगितलं तसंच काढलं. मुलगी मात्र त्यांनी आपल्या मनानं काढली, कारण तिच्याबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. चित्रातली मुलगी हसते आहे आणि तिनं उजवा हात फळीवरून पुढे केला आहे, पाचही बोटं पसरून.

"काही बदलायचं आहे का?" मास्तरांनी रबर हातात घेऊन विचारलं.

मी बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हटलं, नको, असू द्या.